स्टॅश वोयचिकची सरळ रेघ

शुक्रवारी दुपारी डोरीनच्या स्वयंपाकघरात शॅडवेल रग्बी लीग क्लबची कमिटी बसली होती. कमिटी म्हणजे तीन माणसं आणि परातभर बटाट्याचे पिरोगी, म्हणजे पोलिश करंज्या. डोरीन सेक्रेटरी, कारण टेबल तिचं. तिचा धाकटा भाऊ स्टॅश मैदानप्रमुख, कारण तो टाउनशिपच्या रस्ते खात्यात होता आणि डांबरावर पट्टे मारायचा. आणि नेव्हिल प्रॅट संस्थापक, अध्यक्ष, कोच आणि मुख्य कटकट्या. नेव्हिल मूळचा ऑस्ट्रेलियाचा. कारखान्याचा बॉयलर दुरुस्त करायला म्हणून थोड्या दिवसांसाठी पेनसिल्व्हेनियात आला होता. बॉयलर काही दुरुस्त झाला नाही आणि नेव्हिल काही परत गेला नाही.

"परवा सेमीफायनल," नेव्हिल म्हणाला. "आपल्या मैदानावर. क्लबच्या जन्मात पहिल्यांदा. लीगचे लोक मैदान बघायला येणार. त्यामुळे स्टॅश, तोंडातला घास गीळ आणि नीट ऐक."

"ऐकतोय की."

"उद्या शनिवारी दुपारी शाळेची, तुमच्या त्या हातात चेंडू घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलची मॅच आहे. ती संपल्यावर मैदान आखायचं. आधी नाही. फक्कीनं आखायचं. पाणी मारलं की गेलं पाहिजे. आणि उत्तरेच्या गोलरेषेपासून नव्वद मोजायचे. किती?"

"नव्वद."

"शाब्बास."

"मी काय बाळ आहे का?" स्टॅश म्हणाला.

"बाळाला एवढं सांगावं लागत नाही," डोरीन म्हणाली.

नेव्हिल घाबरलेला होता, आणि त्याला कारण होतं. या क्लबचा इतिहास म्हणजे हाकलून दिल्याचा इतिहास. पहिलं मैदान एका पोल्ट्रीच्या मागे होतं. सरावाच्या आरडाओरड्यानं कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं आणि मालकानं यांना बंदूक दाखवली. दुसरं मैदान दफनभूमीला लागून. एका भर अंत्यविधीत यांचा चेंडू उघड्या खड्ड्यात पडला, आणि यांच्यातल्या एका शहाण्यानं पाद्र्याला विचारलं, "काढू का, की राहू दे?" तिसरं सार्वजनिक उद्यान. तिथे एका कुत्र्यानं चेंडू पळवला म्हणून नेव्हिलनं लेखी तक्रार केली, आणि कुत्रं निघालं महापौरबाईंचं.

आता उरलं होतं शाळेचं फुटबॉलचं मैदान. तेही उपकारावर. शाळेचा क्रीडाप्रमुख वॉरन लँडिस यानं नेव्हिलला स्वच्छ सांगितलं होतं, "एक तक्रार आली, एक, की तुमचं हे रग्बी गावाबाहेर." आणि लीगनं सांगितलं होतं, ज्या क्लबाला स्वतःचं मैदान नाही तो क्लब बंद. म्हणजे मैदान गेलं की क्लब गेला, आणि क्लब गेला की नेव्हिल प्रॅट हा शॅडवेलमधला एक न दुरुस्त झालेल्या बॉयलरचा माणूस उरला. बायको नाही, पोरं नाहीत, जे काही होतं ते हे तेरा गडी.

क्लब निमव्यावसायिक होता. म्हणजे मानधन अर्धवट आणि हाडं पूर्ण मोडायची.

आता शॅडवेलबद्दल खरं ते बोललं पाहिजे, कुणाला राग आला तर येऊ दे. या गावात वाचनालयाचं छप्पर गळतं. दवाखाना बंद पडून तिथे गाद्यांचं दुकान निघालं. शाळेत भूगोलाची पुस्तकं अशी की त्यात अजून मेलेले देश जिवंत आहेत. पण फुटबॉलचं गवत! त्याला खत, त्याला फवारा, त्याला राखण. गावच्या पोरांच्या डोक्यांवर जेवढा खर्च होत नाही तेवढा त्यांच्या बुटांखालच्या गवतावर. आणि एवढं करून टीम हरायची. शेजारच्या टिलमन गावाकडून तर दर वर्षी, न चुकता, मार खाल्ल्यासारखी. लोक रडत घरी जायचे आणि पुढच्या वर्षी आणखी खत टाकायचे.

तर त्या गवतावर स्टॅश गेला. शनिवारी नाही, शुक्रवारी संध्याकाळीच. कारण शनिवारी त्याच्या मेहुणीच्या मुलीचं बारसं होतं आणि चर्चमध्ये त्याला मुलीचा धर्मपिता म्हणून उभं राहायचं होतं. हे त्याला पिरोगी खाताना आठवलं नाही, बायकोनं सूट इस्त्री करायला काढला तेव्हा आठवलं. शाळेच्या शेडमध्ये जाऊन त्यानं फक्कीची पोती उघडली, तर ती ओल लागून दगड झालेली. हातोड्यानं फोडून बघितली. हातोड्याचा दांडा तुटला.

मग स्टॅशनं तेच केलं जे रस्ते खात्याचा कुठलाही प्रामाणिक माणूस करेल. त्यानं ट्रकमधून रस्त्याचा रंग काढला.

त्यानं मापाचं चाक काढून उत्तरेच्या गोलरेषेपासून नव्वद मोजले. चाक अमेरिकन, स्टॅश अमेरिकन, त्यामुळे नव्वद म्हणजे नव्वद यार्ड. ऑस्ट्रेलियन माणसाच्या पोटात नव्वद म्हणजे मीटर असतात आणि ते जवळजवळ दुसऱ्या गोलरेषेपाशी जाऊन पोचतात, हे स्टॅशला कुणी सांगितलं नव्हतं. नव्वद यार्डांवर, दक्षिणेच्या खऱ्या गोलरेषेच्या चांगले दहा यार्ड अलीकडे, त्यानं वीतभर रुंद, झगझगीत पांढरी रेघ मारली. रेघ इतकी सरळ की बघून त्याला स्वतःलाच भरून आलं. मग रेघेमागची सगळी जागा, शेवटच्या कुंपणापर्यंत, निळी करायची होती, कारण क्लबचा रंग निळा. ट्रकमध्ये निळा होता. अपंगांच्या गाड्यांसाठी राखून ठेवलेल्या जागांना मारतात तो निळा.

राहिलं क्लबचं चिन्ह. बगळा. बगळ्याचा छापा डोरीनकडे होता आणि डोरीन घरी नव्हती. स्टॅशकडे एकच छापा होता, चाकाच्या खुर्चीचा. त्यानं डोळे बारीक करून बघितलं. लांबून बसलेल्या बगळ्यासारखंच दिसत होतं. त्यानं तो गोलखांबांच्या पुढ्यात मधोमध मारला.

शनिवारी सकाळी नेव्हिलचा फोन वाजला.

"प्रॅट," लँडिसचा आवाज अगदी शांत होता, आणि तेच वाईट होतं. "मैदानावर ये."

नेव्हिल पोचला तेव्हा लँडिस त्या रेघेवर हात कमरेवर ठेवून उभा होता. डोरीन आली होती. स्टॅश बारशाच्या सुटात होता, कोटाच्या खिशात फूल. आणि कुंपणाला रेलून ओटिस क्रेब्स उभा होता. क्रेब्स म्हणजे निवृत्त पोस्टमन. खुबा गेलेला, हातात काठी. गावातली एकही मॅच तो चुकवायचा नाही आणि प्रत्येक मॅचला एकच तक्रार करायचा.

"इथे पांगळ्या माणसाला गाडी लावायला जागा नाही," क्रेब्स म्हणाला.

"ओटिस, आत्ता नको," लँडिस म्हणाला. "प्रॅट, हे काय आहे?"

नेव्हिलनं निळा समुद्र बघितला. खुर्ची बघितली. मग स्टॅशकडे बघितलं. "हे काय आहे?"

"बगळा," स्टॅश म्हणाला.

"आणि ही रेघ इथे का? नव्वद सांगितले होते ना!"

"नव्वदच आहेत! मोज तू. एक इंच इकडेतिकडे निघाला तर माझं नाव बदल."

"मीटर, गाढवा! मीटर!"

"मग मीटर म्हण ना! अमेरिकेत येऊन किती वर्षं झाली तुला?"

"माझ्या मैदानावर तुमच्या रग्बी युनियनची—" लँडिसनं सुरुवात केली.

"लीग," नेव्हिल म्हणाला.

"काय?"

"युनियन ती वेगळी. तिच्यात पंधरा जण असतात आणि एकमेकांच्या अंगावर पडून राहतात. आमच्यात तेरा. पडलं की उठायचं."

डोरीननं त्याच्या पायावर पाय दिला. "नेव्हिल, माणूस आपल्याला फासावर देतोय. दोरीचा प्रकार कशाला सांगतोस?"

"पुसा हे," लँडिस म्हणाला. "दुपारी मॅच आहे."

मग पुसापुशी सुरू झाली. आधी पाणी मारलं. रंग आणखी चमकला. डोरीननं घरून भांड्यांच्या घासण्या आणल्या. घासण्या संपल्या, रंग राहिला. नेव्हिलनं गवत कापायचं यंत्र फिरवलं, तर निळं गवत कापून खालून आणखी निळं गवत निघालं. स्टॅश सुटाच्या बाह्या सरसावून बाजूला उभा होता आणि त्याला मनातून फार अभिमान वाटत होता.

"यावरून अठरा चाकी ट्रक गेले तरी हा हलत नाही," तो शेवटी म्हणालाच. "बर्फ खरवडायचं पातं फिरवलं तरी नाही. आणि अंधारात चमकतो. काच घातलीय त्यात."

"अंधारात चमकतो," लँडिसनं पुन्हा म्हटलं. मग तो नेव्हिलकडे वळला. "मॅच झाली की किल्ली दे शेडची. उद्या तुमची सेमीफायनल खेळा, माझा शब्द आहे म्हणून. सोमवारपासून तुम्ही मला दिसायचं नाही."

नेव्हिलनं खिशातली किल्ली चाचपली. ज्या माणसानं युनियन आणि लीगमधला फरक दाताच्या डॉक्टरला तोंड उघडं असताना समजावला होता, तो गप्प बसला. तेव्हा डोरीनला खरी भीती वाटली.

दुपारी सगळं गाव आलं. टिलमनच्या बसगाड्या आल्या, त्यांचे ढोल आले. पंचांनी दोन्ही टीमना बोलावून सांगितलं, "जाड पांढरी रेघ रग्बीवाल्यांची आहे. तिचा आपल्याशी संबंध नाही. खरी गोलरेषा तिच्या मागे, बारीक आहे ती. चेंडू हातात घेऊन ती ओलांडली तरच गुण." सगळ्या पोरांनी मान डोलावली. फुटबॉलच्या पोरांना मान डोलवायला चांगलं शिकवलेलं असतं.

मॅच नेहमीसारखीच चालली. शॅडवेल हरत होतं, फक्त या वेळी थोडक्यात. नेव्हिल स्टँडच्या वरच्या टोकाला शेडची किल्ली मुठीत धरून बसला होता. डोरीननं त्याला गरम प्रेट्झल आणून दिला. तो त्यानं न खाता मांडीवर ठेवला.

शेवटाकडे टिलमनचा सगळ्यात वेगवान पोरगा चेंडू घेऊन सुटला. त्याला अडवायला कुणी उरलं नव्हतं. टिलमनचे ढोल आधीच वाजायला लागले. पोरगा दक्षिणेकडे धावतोय, समोर वीतभर रुंद झगझगीत पांढरी रेघ, तिच्यामागे निळंच निळं. घामानं डोळे भरलेल्या, सतरा वर्षांच्या, स्वतःवर प्रेम करणाऱ्या पोराला याहून जास्त काय पुरावा पाहिजे? त्यानं रेघ ओलांडली, हात फैलावले, चेंडू मागे खाली टाकून दिला आणि नाचायला लागला. त्याची टीम धावत आली आणि त्याच्याभोवती नाचायला लागली.

चेंडू गवतावर पडलेला, खऱ्या गोलरेषेच्या अलीकडे, म्हणजे जो उचलेल त्याचा. सगळं शॅडवेल डोकं धरून बसलेलं. आणि स्टँडच्या वरच्या टोकावरून एक ऑस्ट्रेलियन आवाज आला, पोल्ट्रीतल्या कोंबड्यांची अंडी ज्यानं बंद केली होती तो.

"उचल, मार्विन! चेंडू पडलाय, बघत काय बसलास? उचल!"

मार्विन क्लाइन शॅडवेलच्या टीममधला सगळ्यात जाडा पोरगा. उन्हाळ्यात आईनं त्याला वजन उतरवायला नेव्हिलकडे पाठवलं होतं. वजन उतरलं नाही, पण तो आवाज ऐकला की पाय आपोआप हलायचे. मार्विननं चेंडू उचलला आणि उत्तरेकडे निघाला. धावला म्हणणं खोटं होईल. तो गेला. नाचणाऱ्या टिलमनला पत्ता लागेपर्यंत तो अर्ध्यात पोचला होता. पत्ता लागून ते धावले तेव्हा तो उत्तरेच्या खऱ्या, बारीक, शाळेच्या गोलरेषेवर पोट पुढे करून पडला होता.

पंचांनी पुस्तक काढलं, आपापसांत डोकी लावली आणि शॅडवेल जिंकलं.

पुढचं काय सांगावं? माणसं कुंपणावरून पडली. गाद्यांच्या दुकानदारानं महापौरबाईंचा मुका घेतला. स्टॅश बारशातून परतला तो याच गर्दीत, आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. का घेतलंय हे त्याला कळेना. त्याला वाटलं, रेघ आवडली.

लँडिस धापा टाकत नेव्हिलपाशी आला. नेव्हिलनं किल्ली पुढे केली.

"ठेव ती," लँडिस म्हणाला. त्याचे डोळे ओले होते. "टिलमनवाले म्हणतायत की आम्ही मुद्दाम सापळा लावला. फसवणूक केली. मॅच रद्द करा म्हणतायत. मी त्यांना सांगितलं, ही रेघ आमच्या रग्बी क्लबाची अधिकृत रेघ आहे. कायमची. सगळ्या मोसमात इथेच असते."

"पण ती चुकीची आहे," नेव्हिल म्हणाला.

"चुकीची नाही. ती पुसली किंवा हलवली, तर तो सापळाच होता हे सिद्ध होईल, आणि आमचा विजय जाईल. तेव्हा रेघ तिथेच राहणार. दर वर्षी तिथेच. आणि रेघ रग्बीवाल्यांची, म्हणजे रग्बीवालेही राहणार. मी मेलो तरी तुम्ही इथून जायचं नाही. कळलं?"

नेव्हिलला आयुष्यात पहिल्यांदा मैदान मिळालं होतं. कायमचं. त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "उद्यापुरती तरी नीट मीटरनं आखू दे. लीगचे लोक येणारेत."

"एक इंचसुद्धा नाही," लँडिस म्हणाला. रात्रभर त्यानं रेघेवर राखण ठेवली. गावात एवढी राखण बँकेलाही नाही.

रविवारी लीगचे लोक आले. त्यांनी मैदान मोजलं, पुन्हा मोजलं आणि विचारलं, "हे एका बाजूला एवढं मोठं अंगण कसलं?"

"स्थानिक परंपरा," डोरीन म्हणाली.

"आणि ती खुर्ची?"

"बगळा आहे," स्टॅश म्हणाला.

खेळवायला दुसरी जागा नव्हती, आणि पाहुणी टीम पाच तास गाडी हाकून आली होती. त्यामुळे सामना सुरू झाला. आणि बगळे चांगले खेळले, खरंच चांगले. शेवटच्या काही मिनिटांत ते चारच गुणांनी मागे होते.

तेवढ्यात मागचं फाटक उघडून एक लांबलचक जुनी गाडी मैदानात शिरली, निळ्यावरून सावकाश आली आणि बरोबर खुर्चीच्या चिन्हावर थांबली. आत ओटिस क्रेब्स. त्यानं आरशाला आपला अपंगत्वाचा परवाना लटकवला आणि सँडविचचा कागद सोडला.

रेफरीनं शिट्टी फुंकली. "ती गाडी हलवा!"

फाटकावरचा पोलीस गाडीपाशी गेला. त्यानं जमिनीवरचा रंग बघितला, खुर्ची बघितली, परवाना बघितला. मग मान हलवत परत आला. "नाही हलवता येत. सगळं कायदेशीर आहे. तुम्हीच मधे खेळताय म्हणून उलट तुम्हाला पावती फाडू शकतो."

"अहो, हे मैदान आहे!"

"तसं लिहिलेलं नाही."

रेफरीनं घड्याळ बघितलं. खेळ तर उत्तरेच्या टोकाला चालला होता, आणि वेळही फारसा उरला नव्हता. "चालू ठेवा," तो म्हणाला.

आणि शेवटच्या क्षणी डिशॉन मॉब्ले सुटला. डिशॉन क्लबचा सगळ्यात चपळ गडी, आठवडाभर मांसाच्या कारखान्यात उभा राहणारा. त्यानं दक्षिणेची रेघ ओलांडली. रग्बीत रेघ ओलांडून भागत नाही, चेंडू जमिनीला टेकवावा लागतो. तिथल्या तिथे टेकवला असता तर चार गुण मिळून बरोबरी झाली असती. पण खांबांच्या समोर टेकवला तर पुढची किकही सोपी, आणि किक बसली की फायनल. समोर वीस यार्डांचं मोकळं निळं अंगण. डिशॉन मधोमध वळला.

"टेकव! टेकव रे!" नेव्हिल ओरडला.

"अजून थोडं पुढे, कोच!"

मागून पाहुण्या टीमचा एक दांडगा आला आणि त्यानं डिशॉनला उचलून टाकला. चेंडू टेकला, पण क्रेब्सच्या गाडीच्या बॉनेटवर. डिशॉनचा गाल काचेला चिकटला. आतून क्रेब्सनं वायपर लावला.

रेफरी धावत आला. सगळं मैदान त्याच्या तोंडाकडे बघत होतं. "बॉनेट म्हणजे जमीन नाही," तो म्हणाला आणि शेवटची शिट्टी फुंकली.

नेव्हिल मैदान तुडवत गाडीपाशी गेला. सगळी वर्षं, कोंबड्या, दफनभूमी, कुत्रं, सगळं त्या पावलांत होतं. त्यानं काचेवर बुक्की मारली. क्रेब्सनं काच खाली केली.

"ओटिस, तुझ्यामुळे आम्ही फायनल गमावली! कळतंय का तुला, तू काय केलंस?"

क्रेब्सनं घास शांतपणे गिळला. मग पुढच्या काचेतून बाहेर बघितलं. समोर सगळं मैदान पसरलेलं, रेघ उन्हात झगझगत होती, आणि लँडिस माइकवरून गावाला सांगत होता की आमचे रग्बी युनियनचे मित्र आता कायमचे इथेच राहणार.

"लीग," नेव्हिल आपोआप म्हणाला, पण त्यात जोर नव्हता.

"एवढी वर्षं तुमच्या सगळ्या मॅचेस बघतोय, काठीवर उभा राहून," क्रेब्स म्हणाला. "पहिल्यांदा तुम्ही मैदान नीट आखलंत."

त्यानं शेजारच्या सीटवरचं वर्तमानपत्र उचललं आणि अर्धं सँडविच पुढे केलं. नेव्हिलनं ते घेतलं. मग वळसा घालून आला, दार उघडलं आणि आत बसला.